सीट आमची, ऊब कंपनीची

त्या बाईला वळण म्हणून कोणी लावलेलंच नव्हतं. घरात नवं आलेलं माणूस निदान पहिले काही दिवस तरी अंग चोरून वागतं, मोठ्यांसमोर आवाज खाली ठेवतं. ही आल्या दिवसापासून मोठ्यांना हुकूम सोडत होती. पट्टा लावा. दार नीट लावा. वेग कमी करा. तोंडातलं 'कृपया' कधी सुटायचं नाही हे खरं, पण माईंना ते कृपयाच जास्त झोंबायचं. शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊन मोकळा होतो. कृपयाला काय उत्तर द्यायचं?

ही बाई म्हणजे माईंच्या मुलाने घेतलेल्या नव्या गाडीतला आवाज. माणूस नाही, नुसता आवाज, हे मुलाने आणि सुनेने माईंना आळीपाळीने समजावलं होतं. माईंनी ते ऐकून घेतलं होतं, पटवून घेतलं नव्हतं. "आवाज आहे म्हणजे घसा आहे. घसा आहे म्हणजे बाई आहे. कुठे बसून बोलते तेवढं आपल्याला ठाऊक नाही, इतकंच," असं म्हणून त्यांनी तिचं नाव 'आतली' ठेवून टाकलं. पहिल्या आठवड्यात तर त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून डॅशबोर्डच्या कप्प्यातही डोकावून पाहिलं होतं. आत कागद होते आणि एक पुसायचं फडकं होतं.

गाडी मुलाच्या पैशाची, पण माईंच्या नावावर. त्या घरात गॅस, वीज, पाणी, टीव्ही सगळं माईंच्या नावावर आणि माईंच्याच फोन नंबरवर होतं. शाळेत त्या जेमतेम सही शिकण्यापुरत्या गेल्या होत्या, त्यामुळे सही करायची हौस अजून फिटलेली नव्हती. शिवाय घरात एक लोखंडी कपाट होतं, आणि त्याची किल्ली माईंच्या कमरेला. चांगले कप, चांगल्या चादरी, बहिणीने पाठवलेली लोकरी रजई, खोक्यातून न काढलेल्या वस्तू, सगळं त्या कपाटात. मागितलं की माई म्हणायच्या, "आत आहे, सुखरूप आहे." वस्तू वापरली की जुनी होते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि त्यांच्या कपाटातल्या वस्तू पाहिल्या तर तो खोटा म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

आता त्या गाडीतली एकच गोष्ट माईंना मनापासून आवडली होती, ती म्हणजे गरम होणारी सीट.

त्याचं कारण त्यांचे यजमान. सगळं गाव त्यांना घड्याळजी म्हणायचं. जन्मभर बाजारातल्या छोट्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले आणि लोकांची घड्याळं चालती केली. उन्हाळ्यात त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाठ बरी आहे, आता चालतं-फिरतं राहा. पण थंडी सुरू झाली तशी पाठ आखडायला लागली, आणि घड्याळजींनी खिडकीजवळची खुर्ची धरली ती सोडेनात. माईंनी एकदा रबरी पिशवीत गरम पाणी भरून म्हटलं, "ही पाठीला लावा आणि चला बाहेर." घड्याळजींनी पिशवीकडे असं पाहिलं, जणू बायकोने पाळणा आणून ठेवला. "पिशवी बांधून बाजारात गेलो की लोक तब्येत विचारतात," ते म्हणाले. "मला लोकांना वेळ सांगायची सवय आहे, तब्येत नाही."

सीटचं तसं नव्हतं. सीट सगळ्यांचीच गरम व्हायची. तिच्यावर बसलेला माणूस आजारी दिसत नव्हता, ऐटीत दिसत होता. पहिल्या दिवशी घड्याळजी कोपऱ्यापर्यंत गेले. मग बाजारापर्यंत. मग दर गुरुवारी आपल्या जुन्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याकडे बुद्धिबळाला जायला लागले. परत आले की जेवताना बोलायचे. प्याद्यांबद्दल बोलायचे, ज्यातलं घरात कोणाला काही कळत नव्हतं, पण बोलायचे. माईंना याचं काय वाटलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "पायात पायात येत नाहीत, तेवढंच बरं," एवढंच म्हणाल्या आणि त्या रात्री भाजीत तेल सढळ हाताने घातलं.

आणि एका गुरुवारी आतली बोलली, "आपल्या सीट हीटिंगची मोफत मुदत संपली आहे. धन्यवाद."

धन्यवाद कशाबद्दल, ते तिलाच ठाऊक. अर्ध्या रस्त्यात सीट गार पडली, घड्याळजी मुलाला "घरी चल" म्हणाले, आणि खुर्ची पुन्हा खिडकीजवळ गेली. हे घडलं तेही कसल्या वेळी? चष्मेवाला दुकान विकून मुलीकडे राहायला जाणार होता. पुढचा गुरुवार शेवटचा. डाव अर्धा राहिला होता, आणि त्या भल्या माणसाने पटावर वर्तमानपत्र झाकून तो तसाच ठेवला होता. फोन करून म्हणाला, "एकही सोंगटी हलवली नाही हो मी. तुम्ही या फक्त."

"नाही जमायचं," घड्याळजी म्हणाले आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

माईंनी ते पाहिलं, कमरेची किल्ली चाचपली आणि मुलाला हाक मारली. "अरे, सीट बिघडली कशी?"

"बिघडली नाही गं. बंद केलीय."

"कोणी?"

"कंपनीने. सबस्क्रिप्शन असतं त्याचं. दर महिन्याला पैसे भरले की चालू, नाही भरले की बंद."

"म्हणजे येऊन तार काढून नेली?"

"नाही, तार आहे आतच. तिकडून बंद करतात."

"तिकडून म्हणजे कुठून?"

मुलाने हात वर करून छताकडे कुठेतरी दाखवलं. माईंनी छताकडे पाहिलं. तिथे फक्त पंखा होता.

इथे एक सांगायला हवं. दुसरी एखादी बाई भडकली असती. माईही भडकल्या, पण रागाच्या आधी त्यांना कुतूहल चावलं. तार आपल्या सीटमध्ये, सीट आपल्या गाडीत, गाडी आपल्या इमारतीखाली, आणि तिच्यातली ऊब दुसऱ्या गावातल्या कुठल्या तरी खोलीत कुलपात? हे कुलूप आहे तरी कसलं? माई स्वतः कुलपं लावण्यात मुरलेल्या. दुसऱ्या वैद्याचं औषध वैद्य हुंगून बघतो, तशा त्या दुसऱ्या सकाळी टॉर्च घेऊन खाली गेल्या. सीट दाबून पाहिली, वाकून खाली पाहिलं, शिवणीला कान लावला.

"सीटमध्ये काय ऐकू येतंय, माई?" मागून आवाज आला.

हे पाणीखातं. म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. उभी हयात पाणीखात्यात गेली आणि आता इमारतीतल्या कुठल्याही गोष्टीत लक्ष घालायला मोकळे. सल्ला देण्याआधी ते डोळे मिटायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला पळून जायला तेवढीच संधी. माई पळाल्या नाहीत, हीच चूक झाली.

"अगदी सोपं आहे," पाणीखातं डोळे मिटून म्हणालं. "आमच्याकडे मुख्य व्हॉल्व्ह बंद असला तर काय करायचे लोक? बाजूने पाइप काढून घ्यायचे. वीज आणि पाणी एकच. वाहतं ते वाहतं. फ्यूजच्या डब्यात एक छोटी जोडणी केली की सीट गरम."

"तुम्ही केलंय हे कधी?"

"करणारे पकडलेत ना जन्मभर!"

हे उत्तर माईंना भरवशाचं वाटलं. मुलगा ऑफिसात, सूनबाई लॅबमध्ये. अडवायला कोणी नव्हतं. पाणीखात्याने पाना आणला, स्क्रूड्रायव्हर आणला, तोंडात टॉर्च धरला आणि गाडीच्या पोटात हात घातला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वायपर सुरू झाले. मग गाडीच्या चारही काचा, कोणी बोट न लावता, सावकाश खाली गेल्या आणि दारात गडप झाल्या. सीट होती तशीच गार.

"अनधिकृत हाताळणी आढळली आहे," आतली म्हणाली. "कृपया जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा."

"चहाडखोर," माई म्हणाल्या.

पाणीखात्याने जे जोडलं होतं ते काढलं. वायपर थांबले नाहीत. मग जे काढलं नव्हतं तेही काढलं, तेव्हा हॉर्न वाजायला लागला. सगळी इमारत खिडक्यांत आली. वरून सल्ले पडायला लागले. कोणी म्हणालं बॅटरी काढा, कोणी म्हणालं पाणी ओता, आणि तिसऱ्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई म्हणाली, गाडीशी जरा प्रेमाने बोलून बघा. खिडकीतून घड्याळजीही बघत होते. त्यांच्याकडे माईंनी मान वर करून पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने रजा टाकली. हॉर्न बंद झाला होता, काचा मात्र वर यायला तयार नव्हत्या. त्या कडाक्याच्या थंडीत, वाऱ्याला चारही बाजूंनी वाट मोकळी करून देत, कोरड्या काचेवर वायपर फिरवत, ही मंडळी शोरूमकडे निघाली. पुढे मुलगा आणि सूनबाई, मागे माई आणि पाणीखातं. पाणीखात्याला कोणी बोलावलं नव्हतं. तांत्रिक बाजू समजावून सांगायला ते आपणहून आलं होतं. माई डोक्याला शाल घट्ट लपेटून, मान ताठ ठेवून बसल्या होत्या. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने आत वाकून विचारलं, "काचा घेतल्या नाहीत का, आजी? वेगळे पैसे पडतात काय?"

"मोकळी हवा आहे," माई म्हणाल्या. "तुमच्याकडे नाही वाटतं?"

शोरूम म्हणजे काचेचा महाल. फरशीत तोंड दिसत होतं. टाय लावलेला एक तरुण हसत पुढे आला. हे लोक इतके हसतात तेव्हा समजावं, आपलं काम व्हायचं नाही. माईंनी त्याला समोर बसवून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"सीट कोणाची?"

"आपलीच, आजी."

"तिच्यातली तार?"

"तीपण आपलीच."

"बॅटरी?"

"आपलीच."

"मग तार आमची, बॅटरी आमची, बूड आमचं. ऊब तेवढी तुमची कशी?"

टायवाल्याने खुर्चीत जरा अंग हलवलं. "आजी, ऊब ही वस्तू नाही. ऊब ही सेवा आहे."

माईंनी हे वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यातली कारागिरी कळली. चाळीस वर्षं कपाट सांभाळून त्यांना स्वतःला असं वाक्य सुचलं नव्हतं. "आणि काय काय सेवा आहे?" त्यांनी खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने विचारलं.

टायवाला खुलला. वळताना दिवे आपोआप वळतात ती सेवा. आरसा मिटतो ती सेवा. गाडी लांबून सुरू होते ती सेवा. माई प्रत्येकाला मान डोलवत होत्या. "आणि ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"छे, छे, ब्रेक आपलाच."

"बरं झालं सांगितलंत. उताराला लागण्याआधी माहीत असलेलं बरं."

बोलता बोलता त्या उठल्या आणि मधोमध ठेवलेल्या चकचकीत गाडीत जाऊन बसल्या. ती सीट गरम होती. माईंनी डोळे मिटले. "हिची मुदत कधी संपते?"

"ती दाखवायची गाडी आहे, आजी. ती कायम चालू असते."

"मग घड्याळजींना मी रोज सकाळी इथेच आणून बसवते. चष्मेवाल्यालाही बोलवून घेऊ. पट मांडायला जागा आहे इथे भरपूर."

"आई, उठ," मुलगा दात आवळून म्हणाला. "भरून टाकतो मी पैसे. विषय संपव."

पण विषय संपायचा नव्हता. टायवाल्याने गाडीचा नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू पहिल्यांदाच थोडं कमी झालं. "सर, आपल्याला तर आम्ही पुढची दोन वर्षं मोफत देत होतो. नव्या ग्राहकांना होती ती योजना. पण आपण स्वतःच नकार दिलाय. फोनवर."

"मी? मला फोनच आला नाही."

"गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना गेला असेल."

सगळ्यांनी हळूच माईंकडे पाहिलं. माईंनी समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं.

आता याला दोषी मुलगाच. फसवणुकीच्या फोनांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यानेच आईला बसवून पढवलं होतं: अनोळखी फोन आला, काहीही देतो म्हणाला, तरी नको म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. माईंना हा धडा इतका आवडला होता की त्या अशा फोनांची वाटच बघायच्या.

"रेकॉर्डिंग आहे," टायवाला म्हणाला, आणि कोणी नको म्हणायच्या आत त्याने ते लावलंही. अख्ख्या शोरूममध्ये घुमलं.

"नमस्कार. आपली सीट हीटिंग सेवा पुढील दोन वर्षं मोफत सुरू ठेवायची असल्यास हो म्हणा."

"नको गं बाई," माईंचा आवाज म्हणाला.

"माफ करा, मला समजलं नाही. सुरू ठेवायची असल्यास हो म्हणा, बंद करायची असल्यास नको म्हणा."

"अगं, नको म्हटलं ना. फुकट देणाऱ्यांना मी चांगली ओळखते. आवाजावरून चांगल्या घरची वाटतेस. दिवसभर असे फोन करतेस, तुझ्या आईला ठाऊक आहे का? जेवलीस तरी का?"

"आपण नको म्हणालात. आपला नकार नोंदवला आहे. धन्यवाद."

"जेवून घे," माईंचा आवाज म्हणाला, आणि रेकॉर्डिंग संपलं.

शोरूममध्ये कोणी हसलं नाही. सूनबाई खाली वाकून चप्पल नीट करायला लागली आणि बराच वेळ करत राहिली. पाणीखात्याने डोळे मिटले, पण त्यांना काही सुचलं नाही. माईंना सगळ्यात जास्त कसला धक्का बसला असेल, तर तो आवाज ओळखीचा निघाल्याचा. "ही तर आतली!" त्या म्हणाल्या. "घरात राहून मलाच बाहेरून फोन करते?"

"आता पैसे भरून चालू करा," मुलगा टायवाल्याला म्हणाला.

"करता आलं असतं, सर. पण गाडीत अनधिकृत हाताळणीची नोंद आहे." इथे टायवाल्याने पाणीखात्याकडे पाहिलं आणि पाणीखात्याने फरशीकडे. "काचा आणि वायपर आम्ही आत्ता करून देतो. सेवेसाठी मात्र अर्ज वर जाईल. तपासणी होईल. मग उत्तर येईल."

"वर म्हणजे कुठे?" माईंनी विचारलं.

टायवाल्याने हात वर करून छताकडे दाखवलं. तिथे पंखासुद्धा नव्हता.

"गुरुवारच्या आत येईल?"

"थंडी संपेपर्यंत नक्की, आजी."

परतताना काचा बंद होत्या. माईंचा अपमान किती प्रकारे झाला होता हे मोजायला त्यांना निवांतपणा हवा होता, पण मोजणी मध्येच थांबून त्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्राखाली झाकलेला तो पट यायचा. नवऱ्याच्या पाठीची ऊब त्यांनी स्वतःच्या तोंडाने परत केली होती. वर जेवलीस का म्हणून विचारलं होतं.

घरी आल्यावर घड्याळजींनी एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"जाऊ दे गं. कळव चष्मेवाल्याला, पट उचल म्हणावं."

माईंनी काही कळवलं नाही.

गुरुवारी दुपारी त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आतून बहिणीची लोकरी रजई निघाली, अजून घडीच्या रेघा असलेली. मग एक रबरी पिशवी, खोक्यात. मग दुसरी. मग तिसरी.

"माई, मागच्या थंडीत मी मागितली तेव्हा एकच आहे म्हणाला होतात."

"तेव्हा एकच दिसली. पाणी ठेव उकळत."

दोघींनी मिळून खाली नेलं सगळं. घड्याळजींच्या सीटला पाठीच्या जागी पिशवी आणि वर रजईचा एक पदर. फक्त त्यांनाच पिशवी दिली असती तर ते आल्या पावली परत फिरले असते, हे माईंना ठाऊक होतं. म्हणून मुलाच्या सीटवर दुसरी. आणि मागे स्वतःसाठी तिसरी. चांगल्या चादरीही काढल्या आणि सगळ्यावर अशा ओढून घट्ट खोचल्या की गाडीच्या सीटांना नवे अभ्रे चढवल्यासारखं दिसावं. चादरींवर फुलं होती, त्याला इलाज नव्हता. मुलगा स्टिअरिंगशी बसला, दचकला, आईकडे बघून काही म्हणणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्याने पट्टा लावला.

मग माई वर गेल्या. "चला. सीट सुरू झालीय."

घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी घेतली.

ते बसले. पाठ टेकवली. आखडलेले खांदे सावकाश खाली आले. "चांगली तापलीय की," ते म्हणाले.

"नवीन आहे ना," मागून माई म्हणाल्या.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर घड्याळजींच्या पाठीमागून पाणी खळखळलं. जन्मभर घड्याळांच्या पोटातले आवाज ओळखलेला माणूस. मान न वळवता त्यांनी हळूच मुलाच्या सीटला कान दिला. तिथूनही खळखळलं. मागूनही खळखळलं. सगळ्यांच्याच पाठीला पिशवी होती. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मोफत आहे की दर महिन्याला भरायचे?" त्यांनी विचारलं.

"किल्ली माझ्याकडे आहे," माई म्हणाल्या. "वागणूक बघून ठरवीन."

घड्याळजी हसले. मोठ्याने, दुकानात हसायचे तसे. मुलगाही हसला. आणि नेमकं तेव्हाच ती मध्ये तोंड घालती झाली.

"सीट हीटिंग बंद आहे," आतली म्हणाली. "आपला अर्ज तपासणीत आहे. कृपया वाट पाहा."

 माईंनी जे झाकायला रजई काढली, चादरी काढल्या, कपाट रिकामं केलं, ते या बाईने एका वाक्यात उघडं पाडलं होतं. घड्याळजी समोर बघत राहिले, काहीच ऐकलं नाही असे. समोर कोपऱ्यावर चष्मेवाल्याचं दुकान दिसत होतं आणि तो दारात येऊन उभा होता.

माई पुढे सरकल्या, दोन्ही सीटांच्या मधून डोकं घातलं आणि त्या लुकलुकणाऱ्या पडद्याला म्हणाल्या, "ऐक, बये. कुलूप मीही लावते, त्यात तू मला काही शिकवू नकोस. पण एकदा पाठीवर घातलेलं पांघरूण मी आजवर कोणाच्या अंगावरून ओढून घेतलेलं नाही. तू आपली रस्ता सांगत जा. माणसं सांभाळणं तुझं काम नव्हे."